तुला त्रास नको म्हणून...

गोष्ट सुरू होते टी-शर्टपासून. आमच्या ग्रुपवर एके दिवशी दुपारी एक फोटो येऊन पडला. पलंगावर छान पसरून ठेवलेले गुलाबी टी-शर्ट. एकावर सोनेरी अक्षरांत 'ब्राइड', तिघांवर 'टीम ब्राइड'. मी हार्ट पाठवणार, एवढ्यात फोटो गायब! 'धिस मेसेज वॉज डिलीटेड.' पण तोवर मी मोजलं होतं. टी-शर्ट चार. आम्ही पाचजणी.

पाचवी मी. त्या दिवशी मला बरोब्बर वीस आठवडे पूर्ण झाले होते आणि घरातली एकही जीन्स बंद होत नव्हती.

आमचा हा ग्रुप अकरावीपासूनचा. नावं देत नाही, कारण त्या चौघी हे वाचणार आहेत आणि मला पुन्हा त्यांच्याच गाडीतून फिरायचंय. तर एक मोशीवाली, एक वाकडवाली, एक निगडीवाली, मी चिंचवडची, आणि पाचवी आमची चाकणवाली. म्हणजे राहायला भोसरीत, पण दिवसाचे अकरा तास चाकणच्या एमआयडीसीत. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ती क्वालिटीला आहे. सकाळी सहाला कंपनीची बस पकडते, संध्याकाळी तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घालत परत येते. भक्ती-शक्ती चौकात भेटायचं, दुर्गा टेकडीवर चढायचं आणि खाली उतरून वडापाव हाणायचा, हा आमचा बारा वर्षांचा नेम. ट्रिप ठरवायची, हॉटेल शोधायचं, हिशोब ठेवायचा, हे डिपार्टमेंट कायम माझं.

आणि आता चाकणवालीचं लग्न ठरलं होतं. तिच्या बॅचलरेटची ट्रिप ठरली होती, टी-शर्टसुद्धा आले होते. फक्त ट्रिपवाल्या मॅडमना पत्ता नव्हता.

दुसरा ग्रुप

मी थेट वाकडवालीला फोन लावला. ती आधी 'अगं, ते असंच' वगैरे म्हणाली. मग मात्र सगळं भडाभडा बाहेर आलं. मी नसलेला दुसरा ग्रुप महिन्याभरापासून चालू होता. दिवेआगर ठरलं होतं, घरगुती राहण्याची सोय बुक झाली होती. "तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही गं. तू येऊ शकणार नाहीस, मग उगाच चिडचिड होईल. तुला त्रास नको म्हणून..."

तुला त्रास नको म्हणून! या चार शब्दांचा मला तोपर्यंत कंटाळा आला होता. सासूबाई पाण्याची बादली उचलू देत नव्हत्या, ते ठीक. नवरा बाइकवर बसू देत नव्हता, तेही ठीक. पण महिन्याभरापूर्वी एका संपादकांना मी मोठ्या उत्साहाने गुड न्यूज सांगितली होती. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं, वर आपल्या बायकोचे दोन सल्लेही दिले. पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे असलेली एका वस्तीवरची मोठी स्टोरी दुसऱ्या कुणाला तरी गेली. 'तुला या दिवसांत दगदग नको.' त्यानंतर त्यांचा फोनच आला नाही. त्यांचं पाहून की काय, बाकी दोन ठिकाणचे फोनही हळूहळू कमी झाले. ओरडून भांडावं, तर समोरचा वाईट वागलाय कुठे? तो तर काळजीने बोललाय!

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना निदान कायदा तरी आहे. २०१७ मध्ये बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त माणसं असतील, तर पाळणाघराची सोय करणं मालकावर आलं. हे सगळं पगाराची स्लिप असणाऱ्यांसाठी. फ्रीलान्सरला एचआर नाही, रजा नाही आणि कामावरून काढल्याचं पत्रही नाही. फोन यायचा बंद होतो, एवढंच.

त्यामुळे त्या दिवशी माझा सगळा राग चार टी-शर्टवर निघाला. मी ग्रुपवर लिहिलं, 'मी येतेय. खोली तळमजल्यावरची हवी. आणि टी-शर्ट डबल एक्सएल.'

तिघींचे नाचणारे स्मायली आले. चाकणवालीचा मात्र फक्त एक शब्द आला. 'डॉक्टर?'

मला तो शब्द जाम लागला.

परवानगी नावाचा प्रकार

डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रिपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, "जा की! चौथा ते सहावा महिना हाच काय तो प्रवासाचा बरा काळ असतो. नंतर तुलाच नको वाटेल." मग नियमांची यादी दिली. दर दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं, कारण बसून बसून पायांत रक्ताच्या गाठी होण्याची भीती या दिवसांत जास्त असते. सीटबेल्ट लावायचाच, पण खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या बाजूने. वरचा पट्टा छातीच्या मधून. पाणी भरपूर. दारूचा 'एकच घोट' नाही, कारण किती घेतली तर चालते, याचं सुरक्षित प्रमाण कुणालाच माहीत नाही. मासे खा, पण ताजे आणि नीट शिजलेले. मोरी नको, मोठ्या माशांत पारा जास्त साठतो. बांगडा चालेल. फाइल सोबत ठेवायची. आणि रक्तस्राव, पोटात कळा किंवा पाणी जाणं, यातलं काहीही झालं तर कुणाला न विचारता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

सासूबाई गप्प होत्या. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी माझ्या बॅगेत आवळा सुपारीची डबी टाकली. घाटात मळमळेल म्हणून. बोलल्या काहीच नाहीत. ती त्यांची परवानगी.

डबल एक्सएलचा टी-शर्ट वेळेत आलाच नाही. शेवटी नवऱ्याचा एक जुना पांढरा टी-शर्ट घेतला आणि मार्करने त्यावर लिहिलं, 'टीम ब्राइड + १'.

फेब्रुवारीतला शनिवार, पहाटे साडेपाच. हिंजवडी, पौड, मुळशी, मग ताम्हिणी. मोशीवाली गाडी चालवत होती. ती एरवी गाडी हाणते. त्या दिवशी एवढी हळू चालवत होती, की मागून येणारे टेम्पो आम्हाला हॉर्न मारून पुढे जात होते. प्रत्येक खड्ड्याला चौघी एकदम माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "बायांनो, आत बाळ आहे, अंड्यांचा ट्रे नाही." सगळ्या हसल्या. चाकणवाली हसली नाही. ती पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती.

घाटात खरी परीक्षा पोटाची नव्हती, टॉयलेटची होती. पाचव्या महिन्यात दर तासाला जावं लागतं, आणि बायकांना जाता येईल असं स्वच्छ टॉयलेट त्या रस्त्यावर शोधणं ही एक स्वतंत्र स्टोरी आहे. (कुणा संपादकांना हवी असल्यास मी मोकळी आहे!) शेवटी एका चहाच्या टपरीवाल्या मावशींनी मला बघितलं आणि काही न विचारता मागच्या त्यांच्या घराकडे बोट दाखवलं. चहाचे पैसे घेतले, पण माझ्या कपाचे नाही.

केळवण की बॅचलरेट?

विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत आम्ही दिवेआगरला पोचलो, तेव्हा साडेअकरा वाजले होते. तुम्ही गेला असाल तर तुम्हाला माहीतच आहे. नारळी-सुपारीच्या वाड्यांमधून जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना कौलारू घरं आणि वाडी संपली की एकदम समोर लांबच लांब किनारा. फक्त वाड्या पूर्वीइतक्या दाट राहिलेल्या नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या झाडांची अक्षरशः लोळण केली. आमच्या यजमान काकू म्हणाल्या, "तुम्ही उभ्या आहात ना, तिथनं तेव्हा थेट समुद्र दिसत होता. एक सुपारी उभी राह्यली नव्हती." मग नव्याने लावलेल्या रोपांकडे बघत म्हणाल्या, "पाच-सात वर्षं जातात हो धरायला. पण लावायची तर लागतातच."

बॅचलरेट हे प्रकरण आपल्याकडे सिनेमांतून आलं असं आपण म्हणतो. सॅश, गुलाबी फुगे, चावट गेम्स वगैरे. पण काकूंना आम्ही 'मैत्रिणीचं लग्न आहे म्हणून आलोय' असं सांगितल्यावर त्यांनी क्षणात निकाल लावला, "म्हणजे केळवण!" आणि दुपारी केळीच्या पानांवर उकडीचे मोदक वाढले. पानांभोवती रांगोळी काढली. नवरीला पाटावर बसवून ओवाळलं. तिच्या अंगात तेव्हा 'ब्राइड'चा टी-शर्ट आणि शॉर्ट्स होत्या, पण काकूंना त्याचं काही वाटलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "कितवा?"

"पाचवा."

"ओटी भरली का कुणी?"

नव्हती भरली. आमच्या सासरी तिसऱ्या महिन्यात गुपचूप चोर ओटी भरायची पद्धत आहे. ती मीच टाळली होती. कारण वेगळं होतं, ते पुढे सांगते. काकूंनी माझ्या ओढणीत तांदूळ, नारळ आणि वाडीतली सुपारी घातली. श्रीवर्धनी सुपारीचा या भागाला केवढा अभिमान! निगडीवाली मोबाइलवर शूट करत होती. ती एकदम थांबली आणि म्हणाली, "ए, चाकण का रडतेय?"

चाकणवाली पान सोडून बाहेर गेली होती.

'काही नाही, ठसका लागला,' असं सांगून ती परत आली. आम्हीही जास्त खोदलं नाही. संध्याकाळी चौघी समुद्रात बनाना राइडला गेल्या. मी किनाऱ्यावर चार मोबाइल, चार जोडी चपला आणि एक शहाळं सांभाळत बसले. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. दोन वर्षांपूर्वी मीच सगळ्यात पुढे बसून सगळ्यात जोरात किंचाळले होते. त्या लांब पाण्यात आपटल्या, त्यांचं हसणं वाऱ्यावर माझ्यापर्यंत आलं आणि वाटलं, आता हे असंच असणार. त्या आत, मी काठावर, हातात सगळ्यांच्या चपला.

येताना सुवर्ण गणेशाच्या देवळात गेलो. १९९७ मध्ये इथल्या एका सुपारीच्या वाडीत, जमिनीखाली तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला. त्याच वर्षी चिंचवडला मी जन्मले, म्हणून हे साल माझ्या पक्कं लक्षात. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मुखवटाही गेला. दरोडेखोर पकडले गेले, पण सोनं वितळवलेलं होतं. त्याच सोन्यातून पुन्हा मुखवटा घडवला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो परत देवळात आला. चाकणवाली बराच वेळ हात जोडून उभी होती. देवळात कमी आणि मशीनवर जास्त विश्वास असलेली ही बाई! मला नवल वाटलं.

रात्रीचा दीड

रात्री कल्ला झाला. गाणी, नाच, नवऱ्याबद्दलची प्रश्नमंजूषा, सगळं. मी कोकम सरबताचे चार ग्लास रिचवले आणि चौघींइतकीच नाचले. (बरं, निम्मं.) एकच्या सुमाराला मोशी, वाकड, निगडी आडव्या झाल्या. मला झोप येईना. बाहेर पडवीत झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. चाकणवाली बसली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"दुसरा ग्रुप तू काढलास ना?" मी विचारलं. माझ्या मनात ते कधीचं होतं.

"हो."

"का?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुला हॉस्पिटलमध्ये मी नेलं होतं."

आता सांगते. त्याच्या आदल्या वर्षी, नवव्या आठवड्यात, माझं पहिलं बाळ राहिलं नव्हतं. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. सकाळी दहाला मी तिला फोन केला. ती लाइन सोडून, सुपरवायझरशी भांडून, चाकणहून रिक्षाने आली. दिवसभर माझा हात धरून बसली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की असं पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळजणींचं होतं, बहुतेक वेळा बाळाच्या वाढीतच दोष असतो, आईने केलेल्या कशामुळे नाही. मी ऐकलं होतं. तिनेही ऐकलं होतं. पण आदल्या रविवारी आम्ही दोघी दुर्गा टेकडीवर गेलो होतो, आणि तो हट्ट तिचा होता.

"मला वाटलं, परत माझ्यामुळे," ती म्हणाली. "माझ्या लग्नाची मजा, घाट, खड्डे. काही झालं असतं तर मी लग्नाला उभी राहू शकले नसते गं."

वर्षभर ती हे मनात घेऊन फिरत होती. आणि मी? या वेळी दिवस राहिल्याचं मी तिला चौथ्या महिन्यात सांगितलं, तेही सगळ्यांबरोबर ग्रुपवर. चोर ओटी टाळली ती याच भीतीने, आणि तिला सांगितलं नाही तेही याच भीतीने. तिला पुन्हा टेन्शन नको म्हणून. तिला त्रास नको म्हणून! जे चार शब्द ऐकून माझं डोकं फिरायचं, तेच मी न बोलता तिच्यावर वापरले होते.

"टेकडीमुळे नाही झालं ते," मी म्हटलं.

"माहितीये."

"नाही, नुसतं माहितीये नको. टेकडीमुळे नाही झालं."

ती रडली. मीही रडले. झोपाळा थांबला, की आम्ही पायाने पुन्हा ढकलायचो.

मग तिने विचारलं, "तुझी कामं कमी झालीत ना?" मी सगळ्यांना 'सिलेक्टिव्ह कामच घेतेय' असं सांगत होते. तिने दोन महिने माझं नाव कुठे छापून आलेलं बघितलं नव्हतं. ती शोधत होती, हे मला माहीतच नव्हतं. मी सगळं सांगितलं. संपादक, ती स्टोरी, बंद झालेले फोन. मग तिने तिचं सांगितलं. प्रमोशनच्या इंटरव्ह्यूत तिला विचारलं होतं, 'लग्नानंतर चाकणला यायला जमेल ना? फॅमिलीचा काय प्लॅन?' तिच्याच टीममधल्या एका मुलाचं त्याच महिन्यात लग्न ठरलं होतं. त्याला फक्त पेढे मागितले.

"तुझं बघून मला भीती वाटते," ती म्हणाली. "लग्नाची नाही. त्याच्यानंतरच्या सगळ्याची. तू आमच्यात सगळ्यात धडाडीची. तुझेच फोन बंद झाले तर माझं काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. 'सगळं छान होईल' असं म्हणणं सोपं होतं, पण त्या रात्री ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "मलाही भीती वाटते. पण आपण एक करू. तू माझं परस्पर ठरवू नकोस, मी तुझं ठरवणार नाही. विचारायचं. नाही म्हणायचं असेल तर ज्याची ती म्हणेल."

तिने हात पुढे केला. टाळी दिली. त्याच क्षणी पोटात काहीतरी फडफडलं. आधीही दोनदा-तीनदा झालं होतं, पण ते गॅसेस की बाळ, कळायचं नाही. मी तिचा हात धरून पोटावर ठेवला. तिला बाहेरून काहीच कळलं नाही. तरी तिने पाच मिनिटं हात काढला नाही. क्वालिटीवाली बाई, खात्री झाल्याशिवाय कशी सोडेल?

माणगावपर्यंत

रविवारी दुपारी निघताना मोशीवालीचं डोकं उठलं होतं. रात्रीचा परिणाम. वाकडवाली आणि निगडीवाली गाडी शिकलेल्या आहेत, पण घाटात चालवत नाहीत. चाकणवाली चालवू शकत होती, पण तिचीही झोप झाली नव्हती. चौघी किल्लीकडे बघत होत्या. मी हात पुढे केला, तशी निगडीवाली म्हणाली, "छे छे, तू नको, तुला त्रास..."

"तिला विचार," चाकणवाली म्हणाली.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि गंमत म्हणजे, कुणी खरंच विचारल्यावर मलाही खरं उत्तर देता आलं. एरवी मी हट्टाने चिंचवडपर्यंत दामटली असती. मी म्हटलं, "माणगावपर्यंत मी घेते, रस्ता मला जमेल. घाट नको. कंबर दुखतेय. माणगावला चहा पिऊ, मग चाकणने घ्यायची. तोवर तिने झोपायचं."

पट्टा पोटाखालून नीट ओढला. सीट मागे सरकवली. बोर्लीच्या बाहेर पडेपर्यंत मागच्या तिघी घोरायला लागल्या होत्या. शेजारी चाकणवालीही झोपली, मांडीवर माझी ओटीची सुपारी आणि तिची केळवणाची सुपारी एकाच रुमालात बांधून.

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी त्या संपादकांना फोन लावला. 'दगदग मला झेपते की नाही, ते मी सांगेन. तुम्ही फक्त विचारा,' एवढंच बोलले. पलीकडे थोडी शांतता होती. ती स्टोरी परत आली नाही. पण गुरुवारी त्यांचा मेसेज आला, एका छोट्या कामाचा. आणि पहिल्याच ओळीत प्रश्न होता, 'जमेल का?'

मी हो म्हटलं. काम काय होतं, ते नंतर वाचलं.